पुन्हा वाचताना 'असॅसिन्स ॲप्रेंटिस' : बरिचचा तबेला आणि आपली दावण

बालाघाटी (धागाकर्ता)

रसभंगाचा इशारा आधीच देतो. 'फारसीअर' त्रयीच्या तिन्ही भागांतल्या गोष्टी या धाग्यात उघड्या पडणार आहेत. नंतर येऊन ओरडू नका.

रॉबिन हॉब यांची ही त्रयी सध्या पुन्हा वाचायला काढली आहे. पहिला भाग 'असॅसिन्स ॲप्रेंटिस' १९९५ चा, मग 'रॉयल असॅसिन' १९९६ आणि 'असॅसिन्स क्वेस्ट' १९९७. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी औरंगाबादला वसतिगृहात राहायचो. डोक्यात विष, कट, राजवाडा एवढंच भरलेलं होतं. आता ते सगळं भराभर उरकतो आणि तबेल्यात येऊन रेंगाळतो.

इशारा ओलांडून जे आत आलेच आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. फिट्झ हा युवराज चिव्हल्रीचा अनौरस मुलगा. सहा वर्षांचा असताना आईकडचा आजोबा त्याला शिपायांच्या हवाली करून निघून जातो. बाप गादीवरचा हक्क सोडून लांब राहायला जातो, पोराचं तोंडही बघत नाही. पोरगं पडतं बरिचच्या गळ्यात. बरिच म्हणजे बकीपच्या किल्ल्याचा तबेलाप्रमुख, चिव्हल्रीचा इमानी माणूस, रानडुकराने फाडलेल्या पायाने लंगडणारा, तोंडाचा फटकळ. या जगात दोन विद्या आहेत. राजघराण्यात चालत आलेली 'स्किल', माणसाच्या मनातून माणसाच्या मनात जाणारी, तिला मान. दुसरी 'विट', जनावराच्या मनाशी जोडणारी, तिची किळस. विटवाला सापडला तर फासावर देतात, तुकडे करतात आणि वाहत्या पाण्यावर जाळतात.

फिट्झमध्ये ही विट आहे. नोझी नावाच्या कुत्र्याच्या पिल्लाशी त्याची तार जुळते. बरिचच्या ते लक्षात येतं आणि तो पिल्लू उचलून घेऊन जातो. त्या क्षणी पोराच्या मनातला दोर तुटतो. फिट्झला वाटतं बरिचने नोझीला मारलं, आणि हे मनात धरून तो मोठा होतो.

आता मुद्द्यावर येतो. या पुस्तकातल्या माणूस-जनावर नात्याचा विषय निघाला की सगळे दुसऱ्या भागात फिट्झशी जुळणाऱ्या नाइटआइज लांडग्यापाशी जाऊन बसतात. लांडगा भारी आहे, वाद नाही. पण माझं म्हणणं असं की जनावराशी नातं खऱ्या अर्थाने निभावलंय ते बरिचने. त्याच्यात स्वतःतही विट आहे हे दुसऱ्या भागात उघड होतं. ती त्याने जन्मभर दाबून ठेवली. मनाचा रस्ता बंद केला, म्हणून सगळं हातात उतरलं. घोड्याचा पाय कुठे दुखतोय हे तो हात फिरवून ओळखतो. थकून आलेल्या जनावराचं दाणा-पाणी, खरारा झाल्याशिवाय त्याला चैन नाही. फिट्झला सूटी नावाची घोडी सांभाळायला देतो तेव्हा पोराला शिकवतोही हेच, हाताने कर.

हे वाचताना मला आमचे अण्णा दिसतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद आणि तूप कोमट करून घ्यायचे. जू बसून खांद्याला घट्टा पडलेला असायचा, त्याच्या कडेकडेने अंगठा फिरवायचे. मधेच एका जागी थांबायचे, परत तिथेच दाबायचे. बैल कातडी थरथरवायचा आणि मान खाली सोडायचा. मग "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." एरवी औताला चालताना याच बैलांना आईमाईवरून शिव्या. जोडी देवणी होती, वानेरा, पांढरं अंग आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं.

ट्रॅक्टर आला आणि जोडी हाळीच्या बाजारात गेली. हेडीने दात बघितले, रुमालाखाली बोटं दाबली, सौदा झाला. अण्णांनी कासरा दिला, पैसे मोजून घेतले आणि परत येताना बाजारातून आमच्यासाठी जिलबी आणली.

तर प्रश्न असा. एवढी शेकडो पानं जनावरांच्या मायेने भरलेली आहेत, पण जीव लावलेलं जनावर स्वतःच्या हाताने विकायची वेळ फिट्झवर का येत नाही? आणि बरिचने नोझीला नेलं ते बरोबर होतं का?

---

गोदाकाठची

दादा, लिहिलंय छान, पण बरिचला एवढं डोक्यावर घेऊ नका. एका लहान लेकराचा एकमेव सोबती उचलून नेला आणि "मारलं नाही रे, दूर पाठवलाय" एवढं एक वाक्य सांगितलं नाही. वर्षानुवर्षं त्या पोराला वाटतंय की हा माणूस कुत्र्याची पिल्लं मारतो, आपणही चुकलो तर आपलं काय करेल. पहिल्या भागाच्या शेवटाकडे डोंगरी राज्यात राजपुत्र रुरिस्ककडे म्हातारा झालेला नोझी जिवंत सापडतो. तिथे वाचक हळवे होतात. मला तर संताप आला. घोड्याच्या पायाला हात लावला की त्याचं दुखणं कळतं, आणि पोराचं कळत नाही?

आमच्या शेजारी एक काका होते. गाय आजारी पडली की रात्रभर गोठ्यात. बायको आजारी पडली की "सरकारी दवाखान्यात दाखवून ये." जनावरावर प्रेम करणारा माणूस भला असतो हा जो समज आहे ना, त्याला हॉबबाईंनी बरिचमधून बरोबर सुरुंग लावलाय. तुम्ही तो परत बुजवायला निघालात.

आणि विट आपल्याकडे नवीन नाही. पैठणला जाऊन या. ज्ञानेश्वरांची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे, पण रेड्याने वेद म्हटले एवढंच आपण सांगतो. त्याच्या आधी काय झालं? पखाल वाहणारा तो रेडा, त्याचंही नाव ज्ञाना. कुणीतरी चेष्टेने त्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ उठले ज्ञानदेवांच्या पाठीवर. फिट्झचा नंतरचा कुत्रा स्मिथी मरतो तेव्हा फिट्झ कोसाकोसांवर दूर असतो आणि तरी त्याला ते अंगावर जाणवतं. वाचताना मला तो पैठणचा घाटच दिसत होता.

---

शहागंजचा वाचक

गोदाकाठची यांना +१०० या पैठणच्या मुद्द्यासाठी. त्याच पैठणच्या एकनाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतलं गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं म्हणतात. आणि इकडे नरसीचे नामदेव, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. मराठवाड्याच्या मातीत ही परंपराच दिसते.

फरक एवढाच की आपल्याकडे अशा माणसांना संत म्हटलं आणि हॉबच्या राज्यात त्यांना जाळतात.

---

गोदाकाठची

@शहागंजचा वाचक, संत नंतर म्हटलं हो! ती चार भावंडं पैठणला आली होती शुद्धिपत्र मागायला. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली. रेड्याच्या पाठीवरचा आसूड ही त्यांची चेष्टाच होती. फिट्झसुद्धा 'तसला' पोरगा म्हणूनच वाढतो. पहिल्या भागात बराच काळ त्याला धड नावही नाही, सगळे नुसते "पोऱ्या" म्हणतात. ज्याला माणसांनी बाहेर ठेवलंय त्यालाच जनावराचं ऐकू येतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

---

मेंढरामागं

लई दिवसानी चांगला धागा निघाला. मी पुस्तक इंग्रजीत वाचलं नाही, भाच्यानं गोष्ट सांगितली अन् मग मोबाइलवर ऐकलं थोडं थोडं. म्हणून चूक झाली तर सांभाळून घ्या.

लांडग्याचं सांगतो. आमचा मेंढरांचा वाडा पावसाळा सोडला तर माळानंच. लांडगं आमच्याकडं जंगलात राहत नाही, माळावर राहतं, गवतात. दोघं-तिघं मिळून येतेत. एक जण मेंढरापुढं उगं हिंडतंय, कुत्रे त्याच्याकडं धावतेत, अन् दुसरं मागून कोकरू उचलतंय. वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावलेली असली तरी खालून तोंड घालतंय. रातभर बॅटरी घेऊन बसावं लागतंय.

त्या पुस्तकातलं लांडगं बाजारात पिंजऱ्यात सापडतं अन् पोरगं इकत घेतं, हे मला पटलं. पकडलेलं पिल्लू असंच असतंय, वाळलेलं, चिडलेलं, हात दिला की चावणार. पण पोरगं त्याला म्हणतंय मी तुला मोठं करीन अन् सोडून देईन, तुझ्यासंगं जुळवून घेणार नाही. अन् शेवटी जुळतंयच. हे लई खरं लिहिलंय. माझ्या आज्यानं कोकरं बाटलीवर वाढवली की आम्हाला सांगायचा नाव ठेवू नका. आम्ही ठेवायचोच.

माया एका जागी अन् धंदा एका जागी. आमच्याकडं लांडग्याला शिव्या बी देतेत अन् दोन दिवस दिसलं नाही तर "कामून आलं नाही" असं बी म्हणतेत. काही जण विष बी घालतेत, लपवून काय करायचं. ते चुकीचंच हाय. पर कोकरू गेलेल्या बाईला जाऊन तुम्ही लांडग्याचं कौतुक सांगून बघा.

---

कंधारी

मेंढरामागं भाऊ, दंडवत घ्या. असा प्रतिसाद आला की धागा वसूल.

जोड देतो. आपल्याकडचा माळरानावरचा लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पण वाघाला जंगल तरी राखून ठेवलंय. लांडग्याचं घर म्हणजे गवताळ माळ, आणि सातबाऱ्यावर माळ म्हणजे पडीक. कुणीही उठावं आणि तिथे झाडं लावावीत, प्लॉट पाडावेत.

नाइटआइजबद्दल मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो माणसांना वासाने आणि कळपातल्या जागेने ओळखतो. राजाच्या दरबारातल्या विदूषकाला तो 'बिनवासाचा' म्हणतो. आणि बालाघाटी साहेब, तुमच्या बरिचला तो काय म्हणतो ते तुम्ही लिहिलंच नाही. 'कळपाचं काळीज'! लांडग्याने दिलेलं प्रशस्तिपत्र आहे ते. गोदाकाठची ताई, याचं काय करायचं बोला.

---

गोदाकाठची

लांडग्याला बरिचने कुठे वाढवलंय? वाढवलं असतं तर वेगळं नाव दिलं असतं :)

---

डॉक्टर गोठेवाले

मी पशुवैद्यक, लातूर जिल्ह्यात नोकरी. पुस्तक दोनदा वाचलंय, तिसरा भाग मात्र दोन्ही वेळा रखडला. नुसतं चालतायत, चालतायत.

धागाकर्त्याच्या मुद्द्याशी बराचसा सहमत. बरिच हा पुस्तकांत भेटलेला एकमेव माणूस आहे ज्याला मी माझ्या दवाखान्यात उद्या कामावर घेईन. त्याच्या जखमा बांधण्यात, पोटिसात, घोडीच्या वेतात कुठेही जादू नाही. बघणं आहे. विटवाल्याला जनावर सांगतं कुठे दुखतंय. आम्हाला कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही शेण बघतो, रवंथ मोजतो, कान गार आहेत का ते धरून बघतो, नाकपुडी कोरडी पडली का बघतो. मालक मात्र त्याआधीच सांगतो, "साहेब, आज याची नजर बरी नाही." ताप मोजला की निघतोच. ही नजर कुठून येते ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हाचं सांगतो. बाजार बंद, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत गावोगाव फिरत होतो. आजारी जनावर वेगळं बांधा म्हणून सांगावं लागायचं. जोडीतला एक बैल आजारी, त्याला मळ्यात नेऊन बांधला, दुसरा घरच्या दावणीला. धडधाकट असलेला गव्हाणीला तोंड लावेना. मालक म्हणाला, याला पण तिकडेच बांधतो, जे व्हायचं ते होऊ द्या. मी अर्थातच नाही म्हटलं. दोन्ही बैलांना एकमेकांच्या हंबरण्याचा आवाज जाईल एवढ्या अंतरावर बांधायची तडजोड केली. पुस्तकी नियमात ती बसते की नाही मला विचारू नका. आजारी होता तो गेला. दुसऱ्याने पुढे कुठल्याच जोडीदाराबरोबर नीट औत ओढलं नाही, शेवटी मालकाने त्याला एकट्यालाच कोळपणीला वापरलं.

म्हणून नोझीच्या प्रसंगात मी फिट्झपेक्षा नोझीचा विचार करतो. पोराचं दुःख पानभर आहे. पिल्लाने डोंगरात जाऊन काय केलं असेल, खाल्लं असेल का, ते कुणी लिहीत नाही. विट दोन्ही बाजूंनी चालते ना?

---

बालाघाटी

डॉक्टरसाहेब, शेवटचा प्रश्न जबरदस्त. कथा फिट्झच्या तोंडून आहे, पुढे बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलेली, त्यामुळे पिल्लाची बाजू निसटते. पण रुरिस्ककडे नोझी आनंदात वाढलेला दिसतो, आणि फिट्झला बघून ओळखतो. बरिचने चांगलं घर बघूनच पाठवलं होतं.

गोदाकाठची ताई, पोराला सांगायला हवं होतं हे मान्य. त्याने सांगितलं नाही याचं कारण मला वाटतं की तो स्वतःला बोलत होता. विट वापरणारा हळूहळू माणूसपण विसरून जनावर होतो, असं तो फिट्झला सांगतो. ही भीती ऐकीव असती तर तो एवढा पिसाळला नसता. ज्याने दारू सोडलीय तो दुसऱ्याच्या हातातला पेला बघून जसा बोलतो, तसा तो बोलतो. आणि गंमत बघा, त्याचं म्हणणं एका अर्थाने खरं ठरतं. फिट्झचा धाकटा काका आणि वैरी रीगल, त्याच्या तुरुंगात फिट्झ मरतो, जीव लांडग्यात जाऊन बसतो. बरिच आणि फिट्झला मारेकऱ्याचं काम शिकवणारा चेड प्रेत उकरून काढतात, आणि बरिचच त्याला हाका मारून परत शरीरात आणतो. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला फिट्झ माणसाच्या अंगात लांडग्यासारखा वागतो. गुरगुरतो, कपड्यांना कंटाळतो. बरिच ज्याला घाबरत होता नेमकं तेच त्याच्या पुढ्यात, आणि तोच त्याला एकेक घास, एकेक शब्द शिकवत माणसात आणतो. ज्या विटेची किळस, तिच्यामुळेच पोरगं वाचलेलं. त्यानंतर दोघांचं जे भांडण होतं आणि बरिच निघून जातो, ते प्रकरण मी एका दमात वाचू शकलो नाही.

---

गोदाकाठची

हे पटलं. पूर्ण नाही, रुपयात बारा आणे.

---

छावणीवासी

बीडकडचा आहे. वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीला बरिच त्या सहा वर्षांच्या पोराला खायला देतो आणि तबेल्यात व्हिक्सन कुत्रीच्या कुशीत झोपवतो. माझ्या पुण्याच्या मित्राने हे वाचून "काय हे, किती क्रूर" असं लिहिलं होतं. मला अजिबात क्रूर वाटलं नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आम्ही चारा छावणीत राहिलो. घरातली माणसं पाळीपाळीने, मी आणि आजोबा कायमचे. उसाचं वाढं खाऊन खाऊन जनावरांची तोंडं सोलवटलेली. रात्री ताडपत्रीखाली म्हशीच्या पाठीला पाठ लावून झोपायचं, कारण जानेवारीत उघड्या माळावर तेवढीच ऊब. वास? पहिले दोन दिवस येतो. मग घरी गेलं की घराला वास नाही म्हणून झोप लागत नाही.

आजोबांचं एक लक्षात आहे. टँकर आला की आधी जनावरांच्या हौदाला आणि मग आपल्या घागरीला. त्यावरून छावणीत एका माणसाशी हातघाईवर आले होते.

धागाकर्त्यांनी विकण्याबद्दल विचारलंय. मला वाटतं पुस्तकात ते येत नाही कारण फिट्झ शेतकरी नाही. त्याच्या पोटाचा प्रश्न राजवाड्याने सोडवलेला आहे. ज्याला वैरण विकत घ्यावी लागत नाही त्यालाच जनावर नुसतं सोबती म्हणून परवडतं. लेखिकेचा दोष म्हणत नाही, पण आपण वाचताना ही फट आपल्याला दिसणारच. त्यात २०१५ च्या गोवंश हत्याबंदीपासून भाकड, म्हातारा बैल विकायचा म्हटलं तर घेणारा कोण? जीव लावा, विकू नका, आणि चारा तुमचा तुम्ही बघा. अवांतर होतंय, थांबतो.

---

शहागंजचा वाचक

छावणीवासी, अवांतर अजिबात नाही. मुद्दा पुस्तकालाच जाऊन भिडतो, कारण एक गोष्ट इथे कुणी काढली नाही: फोर्जचे लोक.

लाल जहाजांचे लुटारू फोर्ज गावातली माणसं पकडून नेतात आणि परत सोडतात. माणसं तीच, चेहरा तोच, पण आतलं सगळं नातं खरवडून काढलेलं. आई पोराला ओळखते, तिला काही वाटत नाही. भूक लागली की शेजाऱ्याचं ओरबाडायचं. आणि फिट्झला ती माणसं समोर उभी असूनही विटेला जाणवत नाहीत. प्रत्येक जिवंत गोष्ट त्याला जाणवते, कुत्रा, उंदीर, घोडा, आणि या माणसांच्या जागी नुसती पोकळी. स्किल शिकवणारा गेलन ज्या विद्येचा तिरस्कार करतो, तीच विद्या एवढं अचूक सांगते.

म्हणजे पुस्तक जनावरांबद्दल आहे असं आपण म्हणतो, पण विट हे माणसातलं काय शिल्लक आहे ते तपासायचं यंत्र म्हणूनही चालतं. बाजारात कासरा देऊन जिलबी आणणारे अण्णा फिट्झला जाणवले असते का? माझं उत्तर, हो, चांगले लख्ख जाणवले असते. जिलबी कुणासाठी होती ते बघा.

---

मेंढरामागं

जिलबी लेकरांसाठी नसतीय दादा. मोकळ्या हातानं घरी जाऊ वाटत नाही म्हणून असतीय.

---

बालाघाटी

मेंढरामागं भाऊ, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. अण्णांना दाखवतो संध्याकाळी.

---

नवखा_नळदुर्ग

मी पहिल्या भागाच्या अर्ध्यात आहे, इशारा वाचूनही आत आलो, माझीच चूक. आता विचारतोच. गेलनच्या प्रशिक्षणाची प्रकरणं फार लांबलीत का? वगळली तर चालतील? आणि विटवाले दुसरे लोक कधी भेटतात?

---

कंधारी

गेलनचं वगळू नका. कंटाळा येईल, राग येईल, तो यायलाच हवा. स्मिथीचा प्रसंग त्याच्या टोकाला येतो.

विटवाले भेटतात तिसऱ्या भागात. स्वतःला 'ओल्ड ब्लड' म्हणवणारे. काळा रोल्फ आणि त्याची अस्वल हिल्डा. रोल्फ फिट्झला म्हणतो, राहा इथे, शिकवतो. विटेचेही रीतिरिवाज असतात, कुणाशी कसं जुळवावं, कधी मागे व्हावं, हे सगळं घराघरात शिकवलं जातं हे तिथे कळतं. फिट्झ राहत नाही, त्याला घाई असते. मला ते प्रकरण वाचून चुटपुट लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला सांगतंय की तुझ्यात खोट नाही, तुला शिकवणारं कुणी नव्हतं. आणि हा गडी सूड घ्यायला निघाला.

---

डॉक्टर गोठेवाले

हाच मुद्दा मला बरिचच्या विरोधात वापरता येईल, पण आज नको, उद्या सकाळी शिबिर आहे. लाळ्या-खुरकुताची लस. आपापल्या गावातल्या जनावरांना टोचून घ्या रे बाबांनो, विट असो नसो.

---

गोदाकाठची

पुढची 'टॉनी मॅन' त्रयी कुणी वाचलीय का? २००१ चा 'फूल्स एरंड' घेऊन ठेवलाय. त्यात ओल्ड ब्लडवाल्यांबद्दल जास्त आहे म्हणतात. बरिचवर माझा राग तोवर टिकवायचा की सोडायचा, एवढंच सांगा.

---

बालाघाटी

टिकवा. आणि नाइटआइजबद्दल त्या भागात काय आहे ते इथे कुणीही लिहायचं नाही, संपादकांना सांगून प्रतिसाद उडवीन. त्यासाठी वेगळा धागा काढू, ज्याचं आधी वाचून होईल त्याने काढावा.